कादंबरी बंद करू नका, तिची मांडणी बदला

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात राहता. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. नोकरी सोडून घरून अनुवादाची कामं घेता. दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत आणि कादंबरी सत्तरेक पानांवर अडकली आहे. नवरा समजूतदार आहे, पण रात्री आठनंतर घरी येतो. सासूबाई सोबत असतात. तुम्ही विचारलंय, दोन्ही मुलं शाळेत जाईपर्यंत लिहिणं थांबवू, की पहाटे चारला उठून रेटू?

दोन्ही नको. पहाटे चारचा सल्ला देणाऱ्यांच्या घरात बहुधा रात्री दोनला बाळाला उचलून घेणारं दुसरं कुणीतरी होतं. आठ महिन्यांच्या मुलामुळे तुमची झोप आधीच तुकड्यांची आहे, तिच्यातून आणखी दोन तास काढलेत तर महिनाभरात आजारी पडाल. शिवाय आई उठली की मूल उठतं. अंथरुणातली ऊब गेल्याचं त्याला कसं कळतं कोण जाणे, पण कळतं. थांबण्याबद्दल म्हणाल, तर तीन-चार वर्षांनी लिहिणं परत सुरू करता येतं, नाही असं नाही. पण त्या काळात कादंबरीतली माणसं तुम्हाला अनोळखी होतील आणि ती सत्तर पानं दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखी वाटतील.

मी कथा लिहीत आणि अनुवाद करत दोन मुलं वाढवली, ती आता मोठी आहेत. माझं ठाम मत असं की लहान मुलांच्या घरात वेळ कमी पडतो ही तक्रार खरी असली तरी अर्धीच आहे. मधूनमधून तास-दीड तास मिळतो. पण बसल्यावर आपण कुठे होतो, हे पात्र आता काय बोलणार होतं, मागच्या वेळी काय ठरवलं होतं, हे आठवण्यातच त्यातला मोठा भाग जातो. सूर लागायला आणि बाळ जागं व्हायला एकच गाठ पडते. म्हणून तास वाढवण्याआधी परत शिरायला लागणारा वेळ कमी करा. माझ्या बाकीच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

उठताना परिच्छेद पुरा करून उठू नका. पुढचं वाक्य माहीत असताना, शक्यतो संवादाच्या मध्येच थांबा आणि फाइलच्या शेवटी दोन-तीन ओळी स्वतःसाठी टाका: "आता आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येणार. पैशांचा विषय ती काढणार नाही, तो दादा काढेल. बाहेर पाऊस आहे, विसरू नकोस." मूल रडायला लागलं की या ओळींनाही वेळ नसतो, तेव्हा फोनवर बोलून ठेवा. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या फोन-कीबोर्डवर, मराठीत बोलून टाइप करता येतं. विरामचिन्हं हरवतात, नावांची वाट लागते आणि बोलीतले शब्द भलतेच उमटतात, पण खुणेला तेवढं पुरतं. बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मी संवाद असेच पाडून ठेवले आहेत. वर्णन मात्र बोलून लिहू नये. बोलताना वाक्यं लांबतात, सैल होतात, आणि मग त्यांना आवळण्यात दुप्पट वेळ जातो.

कादंबरीसाठी वेगळं एक पान करा. कोण, वय किती, कुणाशी काय नातं, आत्ता कथेत कोणता महिना चालू आहे, निवेदन कुणाच्या तोंडून आणि कोणत्या काळात. रोज दोन तास सलग लिहिणाऱ्याला हे पान लागत नाही, त्याच्या डोक्यात ते असतंच. तुमच्या डोक्यात सध्या लशींच्या तारखा आहेत, कुणाला किती सेरेलॅक दिलं ते आहे आणि बाईंनी मागितलेला पुठ्ठा आहे. नायिकेचं माहेर साताऱ्याचं की वाईचं हे आठवायचा भार डोक्यावर ठेवू नका, कागदावर टाका.

मग कामांची वेळेनुसार वाटणी. एक पंधरा मिनिटांचं काम असतं: संपादकाला उत्तर, मानधनाची आठवण, प्रुफातल्या शंका, एखाद्या जुन्या पानावरची काटछाट. हे मुलांच्या गलक्यातही होतं. दुसरं तासाभराचं: आधीच ठरलेला, मनात पाहून झालेला प्रसंग कागदावर उतरवणं. हे दुपारच्या झोपेत बसतं. तिसरं काम तीन-चार तास सलग मागतं. नवीन कथेची सुरुवात, कादंबरीचा सांधा बदलणं, अडकलेल्या पानावरून वाट काढणं, हे सगळं त्यात येतं. तुमची कादंबरी सत्तराव्या पानावर अडकली आहे ती बहुधा याचमुळे. सांधा बदलायचं काम तुम्ही झोपेच्या तासाभरात करायला बघताय. ते त्यात होणार नाही, तुम्ही कितीही हुशार असलात तरी.

दुपारच्या झोपेबद्दल एक सावधगिरी. आठ महिन्यांचं बाळ दिवसातून दोनदा झोपतं. साधारण सव्वा ते दीड वर्षाचं झालं की सकाळची झोप सुटते, आणि तीन-चार वर्षांच्या आसपास दुपारचीही. झोपेवर बांधलेलं वेळापत्रक त्यामुळे दर काही महिन्यांनी कोसळतं आणि आईला वाटतं, आपलीच शिस्त गेली. शिस्त जागेवर असते, बाळ मोठं झालेलं असतं. तुमच्या थोरलीची झोप आता सुटत असेल आणि धाकट्याची मोडत असेल, म्हणजे दोघं एकाच वेळी झोपण्याची आशा सोडाच. तिच्या बालवाडीचे अडीच तास आणि धाकट्याची सकाळची झोप जितके महिने जुळतेय तितके महिने ती वेळ वापरून घ्या. त्या वेळेत भांडी नाहीत, धुणं नाही, फोन नाही. भांडी मुलं जागी असताना घासता येतात.

सलग तीन-चार तास मात्र मागूनच घ्यावे लागतात, आणि त्यासाठी नवऱ्याशी नीट बोलावं लागतं. "जरा मुलांकडे बघशील का" असं नको, ठरलेली पाळी हवी. रविवारी सकाळी सात ते अकरा मुलं त्याची. आणि मुलांनी घराबाहेर जायचं. हे मी फार आग्रहाने सांगते. मुलं शेजारच्या खोलीत असली की दाराला कडी लावूनही कान तिकडेच असतो, आणि बाबाला मोजे सापडत नाहीत तेव्हा हाक आईलाच येते. त्याने त्यांना तलावपाळीवर न्यावं, मावशीकडे न्यावं, कुठेही न्यावं. धाकटा अजून अंगावर पितो म्हणून चार तास लांब ठेवणं जमत नसेल, तर उलटं करा: तुम्हीच बाहेर पडा आणि दोन तासांनी या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. अशा जुन्या ग्रंथालयांत टेबल मिळतं आणि डोकं वर केलं तर समोर पुस्तकं असतात, कपड्यांचा ढीग नसतो. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या, एवढंच.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही फार जपून विचारलाय. "त्या मुलांना सांभाळतात, पण मी लिहायला बसले की त्यांना वाटतं मी मोकळी आहे." हे बहुतेक घरांत असतं. अनुवाद करताना शेजारी जाडजूड पुस्तक उघडं असतं, कुरिअर येतं, पैसे खात्यात जमा होतात, म्हणून ते काम दिसतं. कादंबरी लिहिणारी बाई खिडकीबाहेर बघत बसलेली दिसते. वाद घालून हे पटत नाही. माझ्या पाहण्यात दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा, रोज तीच. माणसं वेळेला मान देतात, कल्पनेला देत नाहीत. दुसरी, मोठ्यांना त्यात थोडं आत घेणं. त्यांच्या लहानपणीचं घर, रॉकेलच्या रांगा, बाळंतिणीची खोली, जे काही तुमच्या लेखनात येत असेल ते त्यांना विचारा. ज्या बाईच्या आठवणीतून प्रकरण उभं राहिलं, ती पुढच्या वेळी नातवाला स्वतःहून खाली बागेत घेऊन जाते. यात थोडा स्वार्थ आहे, हे मला मान्य आहे. पण साहित्यही चांगलं मिळतं.

आता दिवाळी अंकांचं. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा लांबण लावते. आपल्याकडे कथालेखकाचं वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरतं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे चाललंय, आणि हे वेळापत्रक लहान मुलांच्या आयांना सोयीचं आहे का, याचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. बहुतेक संपादकांची पत्रं किंवा फोन मे-जूनमध्ये येतात. मजकूर जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा असतो. आता मुलांचं वर्ष याच्या शेजारी ठेवून बघा. मे महिनाभर मुलं घरी. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात: दप्तर, गणवेश, नव्या वर्गात रडारड. आणि पावसाबरोबर ताप, सर्दी, खोकला, एकाचं बरं झालं की दुसऱ्याचं. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राने कथा मागायची वेळ आणि घरात पॅरासिटामॉलची बाटली फ्रिजवर कायमची उभी असायची वेळ एकच. जुलैत कथा सुरू करून ऑगस्टमध्ये देणं बिनमुलांच्या किंवा मोठ्या मुलांच्या लेखकाला जमतं. तुम्हाला जमणार नाही, आणि जमवायचा हट्टही करू नका.

तुमचा लिहिण्याचा हंगाम दिवाळीची सुट्टी संपल्यापासून मार्चपर्यंत. हवा बरी असते, आजारपणं तुलनेने कमी असतात, बालवाडी सलग चालते. त्या काळात कथेचा पहिला खर्डा पुरा करून ठेवा, आमंत्रण आलेलं नसतानाच. एप्रिलमध्ये तो बाजूला पडू द्या. जून-जुलैत फक्त हात फिरवायचा, जे पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत होतं. संपादकाचा फोन आला की तुमच्याकडे कथा असते, आश्वासन नसतं. आणि मूल आजारी पडून तारीख चुकणारच असेल, तर आदल्या दिवशी रात्री माफीचा मेसेज करण्यापेक्षा दोन आठवडे आधी फोन करा. संपादकाला पानं लावायची असतात. आधी कळलं तर तो तुमची जागा राखतो किंवा दुसऱ्याला देतो, पण पुढच्या वर्षी तुम्हाला विचारतो.

एका वर्षात किती कथा? एक. फार तर दोन. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत तिसऱ्या अंकाला नाही म्हणायला शिका, नाव विसरलं जाईल या भीतीने घेतलेली कथा सहसा विसरण्यासारखीच होते.

पैशांचं बोलायला हवं, कारण पाळणाघराचा प्रश्न त्यातच आहे. मराठी पुस्तकावर साधारण दहा टक्के रॉयल्टी धरा. तीनशे रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, सगळी संपली तर तीस हजार रुपये, आणि ती संपायला काही वर्षं लागू शकतात. शहरात दिवसभराच्या पाळणाघराचे काही महिन्यांचे पैसे म्हणजे कादंबरीची सगळी कमाई. हा हिशेब करून पुष्कळ बायका म्हणतात, मग पाळणाघर परवडत नाही. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. पाळणाघराचा खर्च आईच्याच कमाईतून का वजा करायचा? मुलं दोघांची, खर्च घराचा. अर्ध्या दिवसाचं पाळणाघर, आठवड्यातले तीन दिवस, एवढ्यापासून सुरुवात करा. धाकटा वर्षाचा झाल्यावर केलंत तरी चालेल.

आणि तोवर स्वतःला दोष देऊ नका. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. घरून लिहिणारीला यातलं काहीच मिळत नाही. तुम्ही नोकरीत असतात तर धाकट्याच्या वेळची रजा दोनेक महिन्यांपूर्वीच संपली असती आणि त्या काळात काम झालं नाही म्हणून कुणी तुम्हाला आळशी म्हटलं नसतं. तेव्हा गेल्या सहा-सात महिन्यांतल्या कोऱ्या पानांचा हिशेब मांडू नका. ती रजा होती, बिनपगारी.

अनुवाद चालू ठेवा, आणि फक्त पैशांसाठी नाही. तुटक वेळेत करता येणारं अनुवादाइतकं चांगलं लेखनकाम दुसरं नाही, कारण आपण कुठे होतो हे मूळ पुस्तक लक्षात ठेवतं. अर्ध्या वाक्यावर उठलात तरी उरलेलं अर्धं तिथे छापलेलं असतं. भाषेचा हात त्यात चालता राहतो, शब्द शोधायची सवय मोडत नाही. मालिकांचे संवाद मात्र सध्या घेऊ नका. पैसे बरे असतात, पण एपिसोड रात्री मागितला जातो आणि सकाळी बदलला जातो. बाळाची आणि वाहिनीची मागणी एकाच स्वरूपाची असते, दोघांना एकदम पुरं पडता येत नाही.

कुणीतरी तुम्हाला बहिणाबाई चौधरींचं उदाहरण दिलं, असं लिहिलंय तुम्ही. "त्यांनी जात्यावर बसून केलं, तुम्हाला लॅपटॉप असून जमत नाही?" हे उदाहरण फार सैलपणे दिलं जातं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडच्या रचना मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या दुसऱ्या एका नातलगाने टिपून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये संग्रह निघाला. जातं हात गुंतवतं, तोंड आणि मन मोकळं ठेवतं. ओवी त्या लयीवर जमते आणि पाठ राहते. रांगणारं मूल हात मोकळे सोडतं आणि लक्ष गुंतवतं. त्याने आत्ता काय तोंडात घातलं यावर डोळा ठेवून सत्तर पानांची कादंबरी पुढे नेणं ही वेगळीच गोष्ट आहे. कविता मनात धरून ठेवता येते, हे मात्र त्या उदाहरणातून घेण्यासारखं आहे.

मला विचाराल तर कवयित्री इंदिरा संतांकडे बघा. १९४६ मध्ये पती गेले, पदरात मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी. 'शेला' १९५१ मध्ये आला, 'मेंदी' १९५५ मध्ये, 'मृगजळ' १९५७ मध्ये. घर, नोकरी आणि मुलं सांभाळून त्या लिहीत राहिल्या, आणि जो प्रकार त्यांनी धरला तो छोटा होता, घट्ट होता. याउलट, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर आलेल्या मोजक्या बायकांमध्ये १९७५ च्या दुर्गाबाई भागवत आणि १९९६ च्या शांताबाई शेळके, दोघींनीही लग्न केलं नव्हतं. यातून नियम काढायचा नाही, त्या दोघी काहीही झालं तरी मोठ्याच असत्या. पण "ज्याला लिहायचं तो लिहितोच" असं कुणी म्हणालं की मला ही यादी आठवते.

दोन लहान गोष्टी राहिल्या. मोबाइल लावून देण्याबद्दल: भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर तासभर, तोही कुणी सोबत असताना. म्हणजे धाकट्याला नाहीच. थोरलीला तुमच्या शेजारी बसवून वीस मिनिटं कार्टून लावलंत आणि तेवढ्यात एक परिच्छेद झाला, तर त्यात पाप काही नाही. अपराधी वाटून घेत बसलात तर परिच्छेदही जातो.

दुसरं, मुलांवर लिहिणं. सदरासाठी मुलांचे बोबडे बोल, त्यांचे हट्ट, शी-शूचे किस्से हा अगदी हाताशी असलेला मजकूर आहे आणि संपादकांना तो आवडतो. नाव, शाळा, सोसायटी, आजार यांतलं काही छापू नका. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर मुलगी ते वाचेल आणि तिच्या वर्गातली मुलंही वाचतील. कथेत वापरा, हवं तितकं बदलून. दुसऱ्याच गावातल्या, दुसऱ्याच वयाच्या मुलाला ते बोल द्या. नाहीतर वहीत लिहून ठेवा, ती वही पुढे मुलांनाच द्यायला बरी पडते.

आता तुमच्या कादंबरीपुरतं. या दिवाळीपर्यंत तिला पुढे ढकलायचा प्रयत्न करू नका. पात्रांचं पान तेवढं तयार करा, आणि रविवारच्या पहिल्याच पाळीत सत्तरही पानं कागदावर छापून, पेन घेऊन, एका बैठकीत वाचा. नवीन काही लिहू नका. बहुतेक वेळा अडकलेल्या पानाचं दुखणं वीस-पंचवीस पानं आधी असतं, आणि ते तुकड्यांत वाचताना दिसत नाही. सापडलं की तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ठेवून द्या. तोवर हाताशी असलेली कथा पुरी करा. दिवाळीनंतर बालवाडी उघडली की सत्तराव्या पानाकडे न जाता त्या खुणेपासून सुरुवात करा. आणि बाळाला बाहेर नेण्याची रविवारची पाळी याच आठवड्यात ठरवा, नवऱ्याशी बोलायला कादंबरी पुरी व्हायची वाट बघू नका.